बातमीदाराने विधानसभेची निवडणूक कशी लढवावी

खानदेशात विधानसभेच्या 20 जागा आहेत. त्यांपैकी चोपडा, साक्री, शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातील चारही जागा अनुसूचित जमातींसाठी, तर भुसावळची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याने, आपल्याला नेमके कोठून उभे राहता येते, हे पत्रकाराने प्रथम पाहावे. वय 25 पूर्ण हवे आणि राज्यातील एखाद्या मतदार यादीत नाव हवे. हे सोपे झाले.

अवघड आहे ते लेखणी खाली ठेवणे. उमेदवारीचा विचार पक्का झाला, की संपादकांना लेखी कळवून राजकीय बातम्या लिहिणे त्याच दिवशी थांबवावे. कारण पुढे छापून आलेला एखादा कौतुकाचा मजकूर पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, ठरला, तर त्याचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. ज्यांचा स्वतःचा छापखाना आहे आणि ज्यांच्याकडे सरकारला छपाई पुरवण्याचे कंत्राट चालू आहे, त्यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे सरकारी कंत्राटदारांच्या अपात्रतेविषयीचे कलम 9-अ वकिलाकडून नीट समजून घ्यावे, अन्यथा छाननीतच अर्ज अडचणीत येऊ शकतो.

पत्रकाराचे खरे भांडवल म्हणजे त्याच्या जुन्या वह्या. रावेर-यावलच्या बातमीदाराकडे केळीच्या पीकविम्यासाठी खेटे घालणाऱ्यांची नावे असतात, अमळनेरच्या बातमीदाराकडे पाडळसरे धरणाची वर्षानुवर्षांची कात्रणे असतात. प्रत्येक नावापुढे गाव आणि मतदार यादीचा भाग क्रमांक लिहून काढावा. जळालेल्या डीपीची (विजेच्या रोहित्राची) बातमी दिली आणि आठ दिवसांत नवी डीपी बसली, म्हणजे ते गाव आपले, असा माझाही समज होता. यादी घेऊन बसलो, तेव्हा मला नावाने ओळखणारे तेथे चौघेच निघाले आणि त्यांतले दोघे कामासाठी सुरतला गेलेले होते. नावाला वलय असले तरी मत मिळतेच असे नाही. शेजारच्या गुजरातेत दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचलेले पत्रकार इसुदान गढवी आम आदमी पक्षाचे मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार असूनही 2022 मध्ये स्वतःच्या जागेवर हरले. अहिराणी घरात बोलली जात असेल, तरच ती सभेत बोलावी. उसनी अहिराणी पहिल्या ‘शे’लाच (म्हणजे ‘आहे’लाच) ओळखू येते.

उमेदवारी अर्जाला मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास 1 आणि अपक्षास 10 सूचक लागतात, व ते त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी 5,000 रुपये आहे. गुन्हे, मालमत्ता व शिक्षणाची माहिती देणाऱ्या नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्राचा एकही रकाना कोरा सोडू नये. निवडणूक खर्चाचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे. खर्चाची मर्यादा 40 लाख रुपये आहे. पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे, आणि आयुष्यभर प्रिंटलाइन तपासणाऱ्यानेच ते विसरणे फार लाजिरवाणे ठरेल.

गुलाल उधळला गेला, तरी निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो न देणाऱ्यास आयोग 3 वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.