चिंतेवरची गोळी सोडताना होणारा त्रास : तो ओळखावा कसा आणि सांभाळावा कसा

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम आणि डायझेपाम ही चिंतेवर दिली जाणारी औषधे बेन्झोडायझेपिन या एकाच गटातील आहेत. त्यांपैकी एखादे औषध आपण काही आठवड्यांहून अधिक काळ रोज घेत असाल आणि ते नुकतेच एकदम बंद केले असेल, तर पुढचे वाचण्याआधी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच तसे कळवावे. अचानक बंद केलेल्या या औषधांमुळे आकडी येऊ शकते, आणि ज्याला आयुष्यात कधीही आकडी आलेली नाही अशा माणसालाही ती येऊ शकते. म्हणून ‘चार दिवस दात-ओठ खाऊन काढू’ असा निर्धार येथे करू नये. थोडेच दिवस उलटले असतील, तर डॉक्टर बहुधा औषध पुन्हा सुरू करून ते हळूहळू उतरवण्याचा मार्ग सुचवतात. मात्र बरेच आठवडे उलटले असतील, तर जुनी पूर्ण मात्रा स्वतःच्या मनाने पुन्हा घेऊ नये, कारण शरीराची सवय तोवर कमी झालेली असते आणि पूर्वी सहज पचणारी मात्रा आता धोकादायक गुंगी आणू शकते.

हा त्रास का होतो, हे समजले की त्याची निम्मी भीती ओसरते. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन असते आणि चेतापेशींची उत्तेजना आवरण्याचे काम ते करते. बेन्झोडायझेपिन गटातील औषधे या रसायनाचा परिणाम वाढवतात. बाहेरून अशी मदत रोज मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो, म्हणजे गाबाला दिला जाणारा त्याचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो आणि उत्तेजना वाढवणारी यंत्रणा अधिक जोर धरते. औषध काढून घेतल्यावर ही जुळवणी तशीच मागे उरते आणि ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मधल्या काळात हातांना कंप सुटतो, छातीत धडधडते, घाम येतो, झोप उडते, स्नायू आखडतात, आवाज आणि उजेड सहन होत नाहीत, त्वचेवर मुंग्या येतात आणि क्वचित आजूबाजूचे जग किंवा स्वतःचे शरीरच परके वाटू लागते. ही शेवटची जाणीव माणसाला सर्वांत जास्त घाबरवते आणि आपल्याला वेड लागत आहे असे त्याला वाटते. वेड लागल्याची ती खूण नव्हे. अतिउत्तेजित झालेल्या चेतासंस्थेचे ते एक परिचित लक्षण आहे आणि चेतासंस्था स्थिरावत जाते तसे तेही विरत जाते.

डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी, सांगितल्या वेळी घेणाऱ्या माणसालाही असे शारीरिक अवलंबित्व येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली या संपूर्ण गटाच्या औषधांच्या माहितीपत्रकावर छापल्या जाणाऱ्या ठळक चौकटीतील इशाऱ्यात शारीरिक अवलंबित्व आणि औषध बंद केल्यावरचा त्रास यांचा स्पष्ट समावेश केला. तेव्हा आपल्याला हा त्रास होत असेल, तर त्याचा संबंध मनोबलाशी किंवा चारित्र्याशी जोडू नये आणि इतरांनाही तो जोडू देऊ नये.

त्रास कधी सुरू होईल, हे औषध शरीरात किती काळ टिकते यावर अवलंबून असते. अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण साधारण ११ तासांत निम्मे होते आणि लोराझेपामचेही जवळपास तितक्याच वेळात होते, त्यामुळे ही औषधे बंद केल्यावर एक-दोन दिवसांतच अस्वस्थता जाणवू लागते. क्लोनाझेपामला निम्मे व्हायला ३० ते ४० तास लागतात. डायझेपामपासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक तर १०० तासांपर्यंतचा वेळ घेऊ शकतो. म्हणून या दोन औषधांच्या बाबतीत पहिले काही दिवस अगदी बरे जातात, ‘आपल्याला काहीच झाले नाही’ असा दिलासा मिळतो आणि आठवडाभराने त्रास डोके वर काढतो. हा उशीर आधीच ठाऊक असला, तर माणूस गाफील सापडत नाही. तीव्र टप्पा बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतो. काहींना मात्र सौम्य लक्षणे अनेक महिने अधूनमधून जाणवत राहतात आणि ती सरळ रेषेत कमी होत नाहीत. चांगल्या आठवड्यानंतर एखादा वाईट दिवस येतो आणि पुन्हा बरे वाटू लागते.

याच ठिकाणी सर्वांत महाग पडणारी गल्लत होते. माणूस त्या वाईट दिवसाकडे पाहून म्हणतो, ‘माझा आजार परतला, मला ही गोळी जन्मभर लागणार.’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ही लक्षणे मात्रा कमी केल्यानंतर काही दिवसांतच सुरू झाली का? त्यांत पूर्वीच्या चिंतेत कधीही नसलेले काही आहे का, जसे स्नायूंचे फडफडणे, कानातला आवाज, उजेडाचा त्रास, विचित्र मुंग्या? ती लाटेसारखी चढतात आणि उतरतात का? उत्तरे होकारार्थी असतील, तर हा बहुधा औषध सुटतानाचा त्रास असतो. मूळ चिंता परतते तेव्हा ती सहसा हळूहळू येते, जुन्याच विषयांभोवती फिरते आणि आठवड्यामागून आठवडे टिकते किंवा वाढत जाते. दोन्हींची सरमिसळही होऊ शकते, म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यावा. पण तो निर्णय नीट व्हावा यासाठी एक साधी वही फार उपयोगी पडते. रोज एकाच वेळी त्या दिवसाची मात्रा, झोपेचे तास, सर्वांत त्रासदायक लक्षण आणि त्याची तीव्रता शून्य ते दहा या मापावर लिहावी. दिवसातून एकदाच लिहावी, कारण दर तासाला स्वतःची नाडी तपासत बसणे म्हणजे चिंतेलाच खतपाणी घालणे होय.

आता मुख्य उपायाकडे येऊ. श्वसन, व्यायाम, ध्यान यांचा उपयोग आहेच, पण त्रास किती होईल हे सर्वांत जास्त ठरते ते मात्रा उतरवण्याच्या वेगावर, आणि माझ्या मते याच गोष्टीवर सर्वांत कमी वेळ खर्च केला जातो. सध्याच्या वैद्यकीय मार्गदर्शनानुसार दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्क्यांनी कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट करू नये. ही टक्केवारी त्या वेळी चालू असलेल्या मात्रेची असते आणि हा तपशील फार महत्त्वाचा आहे. समजा कोणी दिवसाला १ मिलिग्रॅम औषध घेत आहे आणि दर वेळी पाव मिलिग्रॅम कमी करण्याचे ठरवते. पहिली पायरी २५ टक्क्यांची होते, दुसरी सुमारे ३३ टक्क्यांची, तिसरी थेट ५० टक्क्यांची आणि अखेरची तर संपूर्ण. कागदावर पायऱ्या सारख्या दिसतात, पण मेंदूच्या दृष्टीने प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून उंच होत जाते. शेवटच्या थोड्याशा मात्रेशी पोहोचल्यावर अनेकांचा धीर का सुटतो, याचे एक मोठे कारण हेच आहे. त्यामुळे मात्रा जितकी लहान होईल, तितकी घटही लहान करावी.

इतक्या लहान घटीसाठी गोळीचे तुकडे पुरत नाहीत, ही व्यवहारातली अडचण खरी आहे. डॉक्टर आणि औषधविक्रेता यांना कमी ताकदीच्या गोळ्या किंवा द्रवरूप औषध मिळू शकेल का, हे विचारावे. सावकाश विरघळणारी म्हणून बनवलेली गोळी कधीही तोडू किंवा चुरडू नये, कारण तिच्यातील औषध त्यामुळे एकदम मोकळे होते. अल्प्राझोलामसारखे लवकर ओसरणारे औषध असेल, तर डॉक्टर कधीकधी ते बदलून डायझेपाम देतात आणि मग ते उतरवतात, म्हणजे रक्तातील पातळीचे चढउतार कमी होतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ बेन्झोडायझेपिन सोडू पाहणाऱ्या रुग्णांसाठी चालवलेल्या बाह्यरुग्ण विभागात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. मात्र अल्प्राझोलामचा अर्धा मिलिग्रॅम हा डायझेपामच्या सुमारे १० मिलिग्रॅमच्या तोडीचा धरला जातो, एवढी या औषधांच्या ताकदीत तफावत आहे, त्यामुळे ही अदलाबदल घरच्या घरी करण्याची गोष्ट नव्हे. तसेच ‘एक दिवसाआड गोळी घ्यावी’ हा वरवर सोपा वाटणारा सल्ला लवकर ओसरणाऱ्या औषधांच्या बाबतीत टाळावा, कारण मेंदूला दर दुसऱ्या दिवशी नव्याने त्या त्रासातून जावे लागते.

एखाद्या पायरीवर त्रास वाढला, तर त्याच मात्रेवर आणखी काही आठवडे थांबावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे, योजनेत त्याची जागा पहिल्यापासूनच ठेवावी. परीक्षा, घरातले आजारपण, नोकरीतला बदल अशा दिवसांत नवी घट सुरूच करू नये.

झोपेविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण गोळीकडे परत नेणारी सर्वांत मोठी ओढ रात्री दोन वाजता निर्माण होते. औषध कमी केल्यावर काही रात्री झोप पूर्वीपेक्षाही वाईट होते आणि स्वप्ने तीव्र व भयानक पडतात. ही तात्पुरती उसळी असते. या दिवसांत उठण्याची वेळ एकच ठेवावी, मग झोप कितीही कमी झालेली असो. दुपारी लांब झोप काढू नये. अंथरुणात वीस-एक मिनिटे जागेच आहोत असे वाटल्यास उठून मंद उजेडात काहीतरी संथ काम करावे आणि डोळे जड झाल्यावरच परत आडवे व्हावे. घड्याळ नजरेआड ठेवावे. जागे राहून नुसते पडणेही शरीराला विश्रांती देते, हे मनाशी घोळवावे, कारण ‘आता झोप लागलीच पाहिजे’ हा हट्टच झोपेला दूर लोटतो.

दिवसा घबराटीची लाट आली, तर ती परतवून लावण्याच्या मागे लागू नये. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातून चक्कर, ओठांना व बोटांना मुंग्या, छातीत आवळल्याची भावना असे नवे त्रास उभे राहतात, जे पाहून तो आणखी घाबरतो. हे चक्र श्वासाजवळच तोडता येते. नाकाने सावकाश चार अंकांपर्यंत श्वास घ्यावा, सहा अंकांपर्यंत सोडावा आणि असे पाच मिनिटे करावे. खांदे सैल सोडावेत, पावले जमिनीवर टेकलेली जाणवू द्यावीत आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मनात घ्यावीत. जग परके वाटत असेल तेव्हा हा शेवटचा उपाय विशेष कामी येतो. त्याचबरोबर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती मात्रा उतरवण्याच्या आधीच सुरू करता आली, तर फारच उत्तम, कारण गोळी ज्या चिंतेसाठी सुरू झाली होती ती सांभाळण्याचे दुसरे साधन तोवर हाती आलेले असते.

रोजचे चालणे आणि हलके ताणाचे व्यायाम आखडलेल्या स्नायूंना मोकळे करतात. अंग मोडून टाकणारा व्यायाम मात्र पहिल्या काळात काहींची धडधड वाढवतो, म्हणून तो बेताने वाढवावा. कॉफी, कडक चहा आणि ऊर्जापेये कमी करावीत, पण तीही एकदम बंद करू नयेत. मद्य पूर्णपणे टाळावे. ते याच गाबा यंत्रणेवर काम करते, त्यामुळे काही तास बरे वाटते, पुढच्या दिवशी त्रास दुपटीने येतो आणि औषधासोबत घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. वेदनाशामक ट्रामाडोलसारखी काही औषधे आकडीची शक्यता वाढवतात, म्हणून या काळात कोणत्याही कारणासाठी डॉक्टरांकडे गेल्यास आपण बेन्झोडायझेपिन उतरवत आहोत, हे आधी सांगावे. ज्यांना पूर्वी आकडी आलेली आहे, ज्या गर्भवती आहेत, ज्यांची मात्रा मोठी आहे किंवा ज्यांना मद्याचीही सवय आहे, त्यांनी हा प्रवास तज्ज्ञांच्या थेट देखरेखीखालीच करावा.

चिंतेसाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांचा अनुभव थोडा निराळा असतो. ती बंद केल्यावर चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी क्षणिक संवेदना जाणवते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांत हे अधिक दिसते, तर शरीरात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी. येथेही मार्ग सावकाश उतरण्याचाच आहे.

घरच्यांना आधीच सांगून ठेवावे की पुढचे काही महिने आपला स्वर तुटक होईल, गोंगाट सहन होणार नाही आणि ठरलेला कार्यक्रम ऐनवेळी रद्द करावा लागेल. घरच्यांनीही ‘मन खंबीर कर’ असा उपदेश न करता शेजारी बसावे, जेवणाखाण्याच्या वेळा सांभाळाव्यात आणि धोक्याची चिन्हे ओळखावीत. आकडी येणे, दिवस-वेळ-माणसे यांचा गोंधळ होणे, नसलेले दिसणे किंवा ऐकू येणे, तीव्र कंपासह ताप येणे, किंवा जीव देण्याचे विचार मनात येणे, यांपैकी काहीही घडल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. आकडी आलेल्या माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि त्याच्या तोंडात काहीही घालू नये.

मात्रा पूर्ण सुटल्यानंतरही डॉक्टरांच्या एक-दोन भेटी आधीच ठरवून ठेवाव्यात. घरात उरलेल्या गोळ्या कपाटात ‘वेळप्रसंगी असू द्याव्यात’ म्हणून ठेवू नयेत आणि इतर कुणालाही देऊ नयेत. त्या औषधविक्रेत्याला विचारून त्याच्या सल्ल्याने नष्ट कराव्यात. पुढे कधी शस्त्रक्रियेसाठी गुंगीचे औषध द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला आपण पूर्वी कोणती गोळी किती काळ घेतली आणि ती कधी सुटली, हे वहीतून दाखवावे.