शेक देणारी यंत्रं थर्मल कॅमेऱ्याने तपासताय? या चुका टाळा

मोबाइलला जोडायचे थर्मल कॅमेरे आल्यापासून फिजिओथेरपी ओपीडीतली हीटिंग पॅड, वॅक्स बाथ (वितळलेल्या मेणाचा शेक देणारं भांडं), इन्फ्रारेड दिवे तपासायला ते सर्रास वापरले जातात. वापरावेतच. पॅडमधली तार एका जागी गोळा झाली असेल किंवा अर्धा पॅड बंद पडला असेल, तर ते एका चित्रात कळतं. थर्मोकपलने, म्हणजे टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेच्या सेन्सरने, तीच जागा शोधायची तर तास जातो. घोटाळा होतो तो पडद्यावरचा आकडा जसाच्या तसा रिपोर्टात उतरवल्यावर.

चकचकीत स्टीलचा आकडा

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. कॅमेरा तापमान मोजत नाही, पृष्ठभागाकडून येणारं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. त्वचेची एमिसिव्हिटी (पृष्ठभाग प्रारण किती चांगलं बाहेर टाकतो, त्याचं ० ते १ मधलं माप) ०.९८ च्या आसपास असते, त्यामुळे त्वचेवर हिशोब जुळतो. चकचकीत स्टीलची ०.१ च्या घरात. खोली ३० अंशांवर असेल, तर ७० अंशांना तापलेलं स्टीलचं झाकण पडद्यावर ३५ च्या आसपास दिसू शकतं. निवांत हात लावाल आणि पोळाल.

कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.१ भरून हे सुटेल असं वाटतं, पण सुटत नाही. त्या झाकणावरून येणारं बहुतेक प्रारण छताचं, दिव्याचं आणि समोर उभ्या असलेल्या तुमचं असतं. सेटिंग खाली नेलं की त्यातली चूकही तितकीच फुगते. त्यापेक्षा झाकणावर काळी इन्सुलेशन टेप नीट दाबून चिकटवा, मिनिटभर थांबा, ०.९५ लावून फक्त टेपवरचं तापमान वाचा.

काचेतून किंवा ॲक्रिलिकच्या झाकणातून फोटो काढून उपयोग नाही, ती काचच मोजली जाते. पातळ पॉलिथिन उलट वागतं: त्यातून बरंच प्रारण आरपार येतं, म्हणून स्वच्छतेसाठी पॅडवर चढवलेली पिशवी आधी काढा.

०.०५ वाचून हुरळू नका

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकावर ०.०५ अंश ठळक छापलेलं असतं. ती संवेदनशीलता झाली, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमधला किती बारीक फरक दिसतो. अचूकता बहुतेक कॅमेऱ्यांत अधिक-उणे २ अंशच असते. शेकाच्या बाबतीत दोन अंश थोडे नाहीत. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवलं, की ४४ अंशांवर त्वचा भाजायला साधारण सहा तास लागतात आणि तिथून ५१ पर्यंत दर अंशाला हा वेळ जवळपास निम्मा होत जातो. दोन अंश चुकलात, तर सुरक्षित वेळ पावपट. म्हणून चित्रात जी जागा सर्वांत गरम दिसते, तिथे कॅलिब्रेट केलेला (अचूकता पडताळून घेतलेला) थर्मोकपल लावायचा आणि आकडा त्याचा घ्यायचा. कॅमेरा सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं स्थिरावू द्या. लगेच काढलेल्या चित्रांत आकडे सरकत राहतात.

उघडा पॅड, चालू पंखा

टेबलावर पसरलेला पॅड पंख्याखाली तपासला तर तो नेहमीच पास होणार. प्रत्यक्षात तो पाठीखाली दाबलेला, वर चादर असलेला, कधी दुमडलेलाही असतो. उष्णतेला वाट मिळत नाही आणि खरा धोका तिथेच असतो. थर्मोकपल आधी लावून पॅडवर घोंगडी घाला, पंखा बंद करा आणि किमान अर्धा तास चालू द्या. घोंगडी उचलल्यावर काही सेकंदांत फोटो घ्या, कापड भराभर निवतं. थर्मोस्टॅट चालू-बंद होत असल्यामुळे एकाच फोटोत तुम्हाला चढ सापडला की उतार, ते कळत नाही. तीन-चार आवर्तनं नोंदवा.

इन्फ्रारेड दिव्याखालची त्वचा तपासताना दिवा बाजूला करून मगच फोटो घ्या, नाहीतर दिव्याचं परावर्तन मोजाल. शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओलहरींनी शेक देणारं यंत्र) चालू असताना कॅमेरा जवळ नेऊ नका, २७.१२ मेगाहर्ट्झचं क्षेत्र इलेक्ट्रॉनिक्सला सोडत नाही. शिवाय डायथर्मीची उष्णता खोलवर निर्माण होते, वरच्या त्वचेचं चित्र स्नायूबद्दल फार काही सांगत नाही.

४३ ची मर्यादा भलतीकडे लावू नका

आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकातला दहा मिनिटं किंवा जास्त स्पर्शासाठीचा ४३ अंशांचा आकडा अनेक जण हीटिंग पॅडला लावून त्याला नापास करतात. तो उष्णता देण्यासाठी नसलेल्या, रुग्णाला लागणाऱ्या भागांसाठी आहे. शेक देणाऱ्या भागाची तुलना उत्पादकाने कागदपत्रांत जाहीर केलेल्या तापमानाशी करा. वैद्यकीय वापराच्या पॅड, ब्लँकेट आणि गाद्यांसाठी ६०६०१-२-३५ हे वेगळं मानक आहे.

रिपोर्टात चित्र जोडताना रंगपट्टीची व्याप्ती स्वतः ठरवून सगळ्या चित्रांना तीच ठेवा. ऑटोवर ठेवली तर अर्ध्या अंशाचा फरकही लालभडक दिसतो. चित्राखाली एमिसिव्हिटी, अंतर, खोलीचं तापमान आणि थर्मोकपलचा आकडा लिहा.