तोक्योतल्या मराठी मंडळींसाठी: गेटपलीकडच्या बर्फातला पहिला दिवस

निशिकासाईत दोन-तीन हिवाळे काढले, युझावा-हाकुबाच्या रिसॉर्टमध्ये स्कीइंग जमू लागलं, की दोरीपलीकडचा अस्पर्श बर्फ खुणावू लागतो. जरूर जा. मात्र आधी एक गोष्ट मनात पक्की करा. गेटच्या, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेर सोडणाऱ्या फाटकाच्या, बाहेर तुम्ही हिमस्खलनात गाडले गेलात, तर वेळेत फक्त तुमचे सोबतीच पोहोचू शकतात. संपूर्ण गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते आणि हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

आधी स्वतःची परीक्षा घ्या. रिसॉर्टमधल्या न दाबलेल्या बर्फात, 8-10 किलोची सॅक पाठीवर घेऊन, न पडता सलग उतरता येतं का? दर चार वळणांनी पडत असाल तर अजून एक हिवाळा आतच काढा. खोल बर्फात पडलेल्या माणसाला नुसतं उभं राहायलाही पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्यात सगळ्या गटाचा दम जातो.

तोक्योकरांना पहिल्या दिवसासाठी कागुरा हे स्की रिसॉर्ट सोयीचं आहे. जोएत्सु शिनकानसेनने एचिगो-युझावा साधारण 80 मिनिटं, पुढे बस. वरची पाचवी रोमान्स लिफ्ट सुमारे 1845 मीटरवर सोडते. तिथल्या गेटमधून कागुरागामिने शिखराकडे (साधारण 2030 मीटर) चढता येतं. चढ 200 मीटरच्या आत असल्याने पहिल्यांदा जाणाऱ्याला झेपतो. हवा बिघडली की ही लिफ्ट बंद राहते, तेव्हा हट्ट न करता आतच स्कीइंग करा. होक्काइदोला जाणार असाल तर तिथल्या निसेको रिसॉर्टचे नियम आधी वाचा. तिथे बाहेर पडायचं ते उघड्या गेटमधूनच. दोरीखालून जाणं पूर्ण निषिद्ध आहे.

पाट्यांवरचे तीन शब्द पाठ करा: ‘ताचिइरी किन्शी’ म्हणजे प्रवेशबंदी, ‘कास्सो किन्शी’ म्हणजे स्कीइंगला बंदी, ‘हेइसा’ म्हणजे बंद. पुढे कोणाचे माग दिसले तरी पाटीचंच ऐका.

पहिल्या दिवशी प्रमाणित गाइड घ्याच, आणि बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं-घेणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. तिघांत एक फावडं असेल आणि नेमका तोच माणूस गाडला गेला, तर बाकीचे दोघं हाताने उकरत बसतील. बीकन तीन अँटेनांचा, 457 किलोहर्ट्झवर चालणारा हवा. तो सॅकमध्ये ठेवू नका. हार्नेसने अंगावर, बाहेरच्या जॅकेटच्या आत बांधा. मोबाइल बीकनपासून किमान 20 सेंटीमीटर दूर ठेवा. शोध घेताना हे अंतर 50 सेंटीमीटर लागतं, नाहीतर आकडे नाचतात आणि दिशा चुकते. बॅटऱ्या अल्कलाइनच घाला; रिचार्जेबल सेल शेवटी एकदम बसतो आणि पडद्यावरची टक्केवारी फसवी ठरते. प्रोब 270 सेंटीमीटर किंवा लांब घ्या, कारण इथला बर्फ खोल असतो. फावड्याचं पातं धातूचंच हवं. घसरून थांबलेला बर्फ इतका आवळतो की प्लास्टिकचं पातं मोडतं.

शोधाचा सराव रिसॉर्टच्या कडेला, सॅकमध्ये चालू बीकन गाडून करा. सिग्नल मिळेपर्यंत भरभर चला. बीकनवरचा आकडा (अंदाजे मीटरमधलं अंतर) 3 च्या खाली आला की गुडघे टेका, बीकन बर्फाला जवळजवळ टेकवून हळू सरकवा आणि आडव्या-उभ्या रेषेत सर्वांत लहान आकडा शोधा. तिथून 25 सेंटीमीटर अंतर ठेवत गोल-गोल प्रोब खुपसा, पृष्ठभागाला काटकोनात. लागला की प्रोब तसाच रोवलेला राहू द्या. बरेच जण थेट वरून खड्डा खणतात. त्याने गाडलेल्याच्या अंगावर वजन पडतं आणि काढलेला बर्फ टाकायला जागाही उरत नाही. प्रोब जितका खोल गेला त्याच्या दीडपट अंतर उताराच्या बाजूला सरका आणि तिथून आडवे आत शिरा. गटात तिघं-चौघं असतील तर एकाने फोन करावा: 110 किंवा 119, “नादारे देसु, हितो गा उमारिमाशिता” (हिमस्खलन झालंय, माणूस गाडला गेलाय), आणि जीपीएसचे आकडे. एकटेच उरला असाल तर शोध आधी.

उताराचा अंदाज घरीच घ्या. स्लॅब हिमस्खलनं, म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून येणारी, बहुतेक 30 ते 45 अंशांत सुटतात. कोकुदो चिरीइन या सरकारी नकाशा संस्थेच्या 1:25000 नकाशावर ठळक समोच्चरेषा 50 मीटरच्या असतात. दोन ठळक रेषांमधलं अंतर 3.5 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर तो उतार 30 अंशांहून तीव्र आहे. पहिल्या दिवशी तो टाळा आणि त्याच्या पायथ्याशीही थांबू नका. सैबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प घेऊन येतो आणि दोन-तीन दिवस सतत बर्फ टाकतो. त्यानंतरचा पहिला निळा दिवस सर्वांत मोहाचा आणि सर्वांत धोक्याचाही, कारण नवा थर अजून बसलेला नसतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा स्कीपुढे तडे पळाले, तर तिथूनच मागे फिरा.

सह्याद्रीत भटकलेल्यांना एक सवय असते: वाट चुकली की ओढ्याच्या कडेने उतरायचं, खाली वाडी लागेलच. इथे ती सवय जीव घेईल. जपानी डोंगरातला ओढा, म्हणजे ‘सावा’, खाली अरुंद घळीत जातो. पुढे धबधबे आणि बांध लागतात. दोन्ही बाजूंचा बर्फ त्याच घळीत येऊन पडतो, पातळ थराखाली पाणी वाहतं, फोनला रेंज नसते. छान पावडर दिसली म्हणून खाली जात राहणं हीच नेहमीची चूक. वाट हरवली तर आपल्याच मागावरून वर चढा. झाडांच्या बुंध्याभोवतीचे पोकळ खड्डेही टाळा; डोकं खाली जाऊन अडकलेल्याला स्वतःहून निघता येत नाही. झाडीत जोडीनेच उतरा आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका.

चढण्यासाठी स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) चिकटवतात; दुकानात ‘शीरु’ म्हणून मागा. चिकटवण्याआधी तळ कोरडा पुसा. गोंदावर बर्फाचे कण बसले की स्किन मध्येच सुटते. काढलेली स्किन जॅकेटच्या आत ठेवा आणि सोबत दोन रबरी पट्टे असू द्या. वर पोहोचल्यावर आधी जाड जॅकेट घाला, मग जागा तुडवून सपाट करा, एका वेळी एकच स्की काढा. पिन बाइंडिंग (बूट पिनांनी धरणारी स्कीवरची पकड) असेल तर बुटाच्या भोकांत बर्फ गोठला की बूट बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच वळणावर निसटतो. पोलच्या टोकाने भोकं साफ करा. बुटाचा चालण्याचा खटका उतरण्याआधी बंद केलाय ना, हे एकमेकांचं तपासा.

कपड्यांत सुती काही नको, हातमोजे दोन जोड. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, थर्मास घ्या. शाकाहारी असाल तर दुकानातल्या ओनिगिरीपेक्षा राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर बरे. ते खिशात राहतात आणि थंडीतही चावता येतात. जानेवारीत युझावाकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून शिखर गाठलं असो-नसो, एक वाजता परत फिरा. कागुराहून परतीच्या मित्सुमाता रोपवेची खाली येणारी शेवटची फेरी सकाळीच विचारून ठेवा.

कोकुमिन केन्को होकेन (राष्ट्रीय आरोग्य विमा) उपचाराचा साधारण 70 टक्के खर्च उचलतो, शोध आणि सुटकेचा नाही. त्यासाठी ‘सांगाकु होकेन’, म्हणजे डोंगरभटकंतीचा विमा, घ्या आणि त्यात रिसॉर्टबाहेरचं स्कीइंग धरलंय का ते वाचा. ‘तोझान तोदोके’, म्हणजे डोंगरात जाण्याची सूचना, ‘कंपास’ या ऑनलाइन सेवेवर भरता येते. तातडीचा संपर्क म्हणून पुण्यातल्या आईवडिलांचा नंबर देऊ नका. जपानी बोलू शकणारा, इथेच राहणारा सहकारी द्या आणि त्याला आधी सांगून ठेवा. खाली उतरल्यावर, ओन्सेनमध्ये (गरम पाण्याच्या कुंडात) शिरण्याआधी, उतरल्याची नोंद करा. ती राहिली तर ठरलेल्या वेळेनंतर त्या सहकाऱ्याला इशाऱ्याचा मेल जातो.