सेमिनरीतला पहिला एक्सेजेसिस पेपर

एक्सेजेसिस म्हणजे बायबलमधल्या एका उताऱ्याचा मूळ भाषेतून बारकाईनं अर्थ लावणं. ख्रिस्ती अध्ययनाच्या एम.ए.ला पहिल्याच सत्रात अनेकांची गाडी या पेपरवर अडते. भाष्यग्रंथ आधी उघडले जातात, हे त्याचं मुख्य कारण. चार भाष्यकार वाचून झाले की उताऱ्याकडे स्वतःच्या नजरेनं बघणं होत नाही आणि पेपर म्हणजे दुसऱ्यांच्या मतांची गोधडी होते. हाताशी चार आठवडे असतील तर पहिले दोन निव्वळ मूळ वचनांना द्या.

उतारा सहा ते दहा वचनांचा पुरे. त्याच्या सीमा स्वतः ठरवा. वचनांचे आकडे मूळ लेखकानं घातलेले नाहीत, नव्या करारात ते १५५१ साली आले. जागा, वेळ, माणसं कुठे बदलतात ते पाहा. मार्कच्या शुभवर्तमानातला १:४०-४५ हा उतारा घ्या: कुष्ठरोगी येतो तिथे सुरुवात, आणि येशूला उघडपणे गावात जाता येईनासं होतं तिथे शेवट.

आता भाषांतर. ग्रीक कच्चं असलं तरी प्रत्येक क्रियापदाचा काळ आणि पुरुष वहीत लिहाच. शब्दकोशात दिसलेले सगळे अर्थ एकाच शब्दात कोंबू नका. इथे कोणता अर्थ बसतो ते वाक्यच सांगतं.

मग नेस्ले-आलांडच्या, म्हणजे ग्रीक नव्या कराराच्या अभ्यास-आवृत्तीच्या तळटीपा. हस्तलिखितांमधले पाठभेद तिथे दिलेले असतात. त्या बारीक अक्षरांना घाबरून बहुतेक जण पान उलटतात, पण खरं धन तिथेच असतं. ४१व्या वचनात बहुतेक हस्तलिखितांत येशूला ‘कळवळा’ येतो (स्प्लांखनिस्थेइस), तर कोडेक्स बेझे म्हणजे ‘डी’ या हस्तलिखितात तो ‘रागावतो’ (ऑर्गिस्थेइस). नक्कल करणाऱ्यानं राग पुसून कळवळा घालणं समजण्यासारखं आहे, उलटं का करील? पण राग सांगणारा पुरावा तुटपुंजा आहे. तरी रागाच्या बाजूनं बोलणाऱ्या खुणाही आहेत: पुढे ४३व्या वचनात सक्त ताकीद आहे, आणि ‘लावून दिलं’ यासाठी ३४व्या वचनात भुतं काढताना आलेलंच क्रियापद आहे. मत्तय ८ आणि लूक ५ मध्ये याच प्रसंगात ना कळवळा आहे ना राग. हे सगळं मांडून तुमचा कौल द्या. कौल न देता दोन्ही बाजू नुसत्या सांगून थांबलात की गुण जातात.

पार्श्वभूमीला जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचे अध्याय १३-१४ वाचाच. ४४व्या वचनात येशू बऱ्या झालेल्या माणसाला देतो ती याजकाला दाखवण्याची आणि अर्पणाची आज्ञा तिथूनच येते. तिथला ‘कुष्ठ’ आजच्या वैद्यकातल्या कुष्ठरोगाशी तंतोतंत जुळत नाही, तो कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही लागतो.

तिसऱ्या आठवड्यात भाष्यं उघडा. तीन-चार पुरेत, मात्र एक तरी तुमच्या मताच्या विरोधातलं हवं. त्यानंतर तुमचा दावा एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर लेखन सुरू करू नका, पुन्हा उताऱ्याकडे जा.

चौथा आठवडा लेखनाचा. प्रत्येक परिच्छेद कोणत्या वचनाला धरून आहे ते समासात लिहून पाहा. ज्याच्यापुढे आकडा येत नाही, तो बहुधा मध्येच शिरलेला उपदेश असतो. तो काढून बाजूला ठेवा. उपयोजन, म्हणजे उतारा आजच्या जगण्याला लावून दाखवणं, मागितलं असेल तर शेवटच्या अर्ध्या पानात त्याची जागा आहे.