पावसाळा सरताना: इंदूरच्या परसबागेची हिवाळी तयारी

इंदूरचा पाऊस बहुतेक वर्षी सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात माघार घेतो, आणि गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत बागेत जे काम होते त्यावरच होळीपर्यंतची भाजी आणि फुले अवलंबून राहतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या या पठारावर रात्री लवकर गार होतात. डिसेंबरच्या मध्यानंतर पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला की रोपांची वाढ मंदावते, म्हणून थंडी पडण्यापूर्वीच त्यांची मुळे जमिनीत नीट बसलेली असावीत. तयारीचा क्रम या एका हिशेबावर ठरवावा.

आरंभ बियाण्याने न करता जमिनीपासून करावा. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, ओली असताना चिकटते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात काम करण्याजोगे दिवस थोडेच असतात आणि त्यांनाच आपण वापसा म्हणतो. पाऊस थांबल्यावर चार बोटे खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा आपटून भुगा झाला तर कुदळ उचलावी. तो पोळीच्या कणकेसारखा चपटा होऊन पडला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. ओल्या मातीत घाई केली तर जी ढेकळे होतात ती हिवाळाभर फुटत नाहीत आणि मुळ्याला, गाजराला फाटे फुटतात. या कामात थांबण्याला खणण्याइतकेच महत्त्व आहे, असे माझे ठाम मत आहे. थांबण्याच्या दिवसांत पाणी तुंबणाऱ्या कोपऱ्यांतून चर काढावेत, लव्हाळा आणि हरळी मुळासकट उपटावी, तसेच गिलकी, दोडका आणि कारल्याचे थकलेले वेल उतरवून त्यांच्या पानांची मागची बाजू पाहावी. तेथे अंडी, अळ्या किंवा भुरीची पांढरी पूड दिसली तर तो वेल खताच्या खड्ड्यात न टाकता बागेबाहेर काढावा.

खताच्या बाबतीत इंदूरकरांना बाहेर पाहण्याचे कारण नाही. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथील संशोधन संस्थेत कंपोस्टची जी रीत बसवली, ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. घरच्या बागेपुरती ती अगदी सोपी आहे: वीतभर जाडीचा पालापाचोळा आणि चिरलेले देठ, त्यावर शेणाचा पातळ थर, वर थोडी माती आणि राख, मग पाण्याचा शिडकावा, असे थर एकावर एक रचावेत, आणि साधारण पंधरवड्याने, मग महिन्याने आणि दोन महिने झाल्यावर ढीग वरखाली करावा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. पावसात खड्ड्यात पाणी साचते म्हणून त्या काळात जमिनीवरच ढीग रचावा आणि उघडीप मिळाल्यावर खड्डा भरावा. ऑक्टोबरात भरलेला खड्डा संक्रांतीनंतर उन्हाळी वाफ्यांना उपयोगी पडेल. आत्ताच्या वाफ्यांसाठी जूनमध्ये रचलेल्या ढिगाचे किंवा चांगले कुजलेले शेणखत वापरावे. कच्चे शेणखत वाफ्यात मुळीच घालू नये, कारण त्याने हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते. नवरात्रातले निर्माल्य ढिगात अवश्य जावे, मात्र हारांतला दोरा आणि जरीचे धागे आधी काढून घ्यावेत.

वाफे तयार झाले की पेरणी एकदम न करता टप्प्याटप्प्याने करावी. मेथी, पालक आणि कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरली तर ताटात सतत कोवळी भाजी येते. धणे मात्र हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. गाजर, मुळा आणि बीट जागेवरच पेरावे. लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून चार-चार बोटांवर लावाव्यात. दिवाळीच्या आसपासची लावण उत्तम. टोमॅटो, कोबी आणि फ्लॉवरची रोपे गादीवाफ्यावर, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यावर, किंवा ट्रेमध्ये करावीत. दाट पेरले आणि पाणी जास्त झाले की ती बुडाशी कुजून कोलमडतात. फ्लॉवरचे बी घेताना वाण लवकरचा, मधला की उशिराचा हे विचारल्याशिवाय पुडी घेऊ नये, कारण लवकरचा वाण थंडीत लावला तर बोराएवढा गड्डा धरून थांबतो, आणि त्याला कितीही खत दिले तरी उपयोग होत नाही.

फुलझाडांचे काम थोडे आहे. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास करावी, म्हणजे दीड-दोन महिन्यांत फूल येते. शेवंतीचे शेंडे खुडणे एव्हाना थांबवलेले असावे. कुंड्यांची वरची दोन-तीन बोटे माती काढून तेथे कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड भरावी, आणि कुंडीच्या तळाचे भोक बोटाने चाचपून मोकळे करावे.

थंडीच्या लाटेसाठी सामान आधीच बाजूला काढून ठेवावे: जुनी धोतरे किंवा साड्या, चार बांबू आणि सुतळी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल त्या रात्री दव गोठण्याचा धोका असतो. त्या संध्याकाळी वाफ्यांना हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब जास्त वेळ धरते. टोमॅटो, वांगी आणि तुळशीवर कापड बांबूंच्या आधाराने पानांना न टेकता पसरावे आणि ऊन वर येताच काढावे. प्लास्टिक पानाला टेकले तर तेवढी जागा काळी पडते. याच दिवसांत ढगाळ हवा आली की कोबी आणि मोहरीवर मावा येतो. लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारावे.

ज्यांनी पावसाच्या तोंडी गराडू, म्हणजे माळव्यात आवडीने खाल्ला जाणारा वेलीचा कंद, लावला असेल त्यांनी वेल पिवळा पडेपर्यंत कंद उकरू नये; खणताना कुदळ दूरून घालावी, कारण जखम झालेला कंद टिकत नाही. लागवडीसाठी निरोगी कंदाचे डोळ्यासहित तुकडे राख लावून कोरड्या जागी ठेवावेत. जानेवारीअखेर मोगऱ्याची छाटणी उरकावी, फेब्रुवारीत भेंडी, गवार आणि काकडीचे वाफे त्या हिवाळी खड्ड्यातल्या खताने भरावेत, आणि एप्रिलच्या उन्हासाठी हिरवी जाळी बांधण्याचे खांब जमीन अजून मऊ असतानाच रोवून घ्यावेत.