ताडोब्यातला सूर्योदय टिपताना
ताडोब्यात सफारीच्या वाटेवर जिप्सीतून उतरता येत नाही, त्यामुळे ट्रायपॉडचा उपयोग नाही. त्याऐवजी तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्या. ती गाडीच्या दांड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा नीट टेकवा आणि ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा. नाहीतर गाडीच्या थरथरीने फोटो हलतो.

हिवाळ्यात तलावावर धुकं असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, आकाशावरून ठरवा. झाडं काळी आली तरी रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बरीच उजळता येतात, पांढरं पडलेलं आकाश मात्र परत येत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ‘डेलाइट’वर हवं, कारण ऑटोवर तो सोनेरी रंग फिका पडतो. आणि गाइडला गेटवरच सांगून ठेवा, आधी तलाव, मग वाघ!