देशाचा वायू-हिशेब दुसऱ्या काट्यावर कसा तोलावा

मागच्या हंगामात उसाची ट्रॉली आधी खाजगी काट्यावर नेली, मग कारखान्यात. कारखान्याच्या पावतीवर सव्वातीनशे किलो कमी. तावातावानं भांडायला निघालो, तर धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, रिकामी ट्रॉली तोलली हुती का?" नव्हती. खाजगी काट्यावर जुन्या पावतीवरचंच वजन धरलं होतं.

कराडला मी भौतिकशास्त्र शिकवतो. हरितगृह वायूंचा हिशेब कसा तपासायचा असं मुलं विचारतात, तेव्हा सुरुवात या ट्रॉलीपासूनच करतो.

आधी सरकारी वही वाचा. भारतानं डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडं दिलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालात 2020 चा हिशेब आहे. त्यातले बहुतेक आकडे मोजलेले नाहीत, गुणलेले आहेत. म्हशी किती, गुणिले एका म्हशीमागं वर्षाला मिथेन किती. 2019 च्या पशुगणनेत देशात जवळपास 11 कोटी म्हशी होत्या. गुणक किलोभर जरी चुकला, तरी लाखभर टनांचा घोळ.

मग वायू निवडा. कार्बन डायऑक्साइडला पहिल्यांदा हात लावू नका. आपला ऊसच तो दिवसा ओढतो नि रात्री सोडतो. एचएफसी, म्हणजे फ्रिज-एसीत भरतात ते कृत्रिम वायू, सोपे, कारण ते निसर्गात तयारच होत नाहीत. ब्रिटनच्या वहीत एचएफसी-134ए जास्त दिसत होता, हवेत कमी सापडला. गाड्यांच्या एसीत गॅस किती वेळा भरतात, याचा अंदाजच फुगलेला होता. मिथेन मधला. मात्र दलदलीचा मिथेन वहीत नसतो, तो वजा करा.

आता रिकामी ट्रॉली. पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा समुद्रावरून येतो; त्या हवेतला मिथेन हे रिकामं वजन. गोव्यात केप रामाला 1990 च्या दशकापासून हवेचे नमुने घेतलेत. हिवाळ्यात वारा जमिनीवरून फिरला की मिथेन वाढतो, त्यात जमिनीचा वाटा असतो. पण सगळी वाढ जमिनीची धरू नका; पावसाळ्यातली हवा दक्षिण गोलार्धातून येते, तिथं मिथेन मुळातच कमी.

वेळ सांभाळा. डिसेंबरात पहाटे कृष्णाकाठी या: गुऱ्हाळाच्या धुराड्यातला धूर थोडा वर जातो आणि उसाच्या शेंड्यांवर चादरीसारखा आडवा पसरतो. तेव्हा यंत्र लावलं तर अख्खा तालुका पेटलाय असं वाटेल. दुपारी हवा घुसळली की मोजा. उपग्रहाची अडचण वेगळी, त्याला ढगाआडचं दिसत नाही. आणि भातखाचरं मिथेन सोडतात ती नेमकी पावसाळ्यात.

हवा आली कुठून, हे अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेच्या हायस्प्लिट नावाच्या ऑनलाइन प्रोग्रॅमवर फुकट कळतं. अक्षांश, रेखांश, उंची 500 मीटर, मागे 72 तास. खरं उलटं गणित पुढं आहे: उत्सर्जनाचा अंदाजी नकाशा घ्यायचा आणि मोजलेल्या हवेशी जुळेपर्यंत तो दुरुस्त करायचा. ते घरच्या लॅपटॉपचं काम नाही, पण त्याचे निकाल वाचता यायला हवेत.

भारतावरचा असा निकाल 2017 साली छापून आला. उपग्रह, विमान आणि केप रामाचे नमुने धरून 2010 ते 2015 या काळात वर्षाला सरासरी 2.2 कोटी टन मिथेन निघाला, आवाका 1.96 ते 2.43 कोटी. सरकारी वहीशी जुळला! वर्गात दरवर्षी कुणीतरी हिरमुसतं, त्यांना काटामारी पकडायची असते.

तुलना मात्र मिथेनच्या टनांतच करा. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत बदलताना जुन्या अहवालांत एक टन मिथेनचे 21 टन धरत, पॅरिस कराराच्या नियमांत 28 धरतात. मी एकदा दोन्ही शेजारी मांडले आणि एक तृतीयांश वाढ सापडली म्हणून फळ्यावर लिहूनही टाकली.